आईने बंद केलेला नळ

माझ्या थोरल्या बहिणीच्या गोठणाऱ्या पाइपांचाही मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी शहाणपणाचा आव आणला तर कोणी फसायला नको.

ताई कॅनडात, कॅल्गरीजवळच्या एका गावात राहते. मी कतारमध्ये, दोह्याजवळच्या अल वक्राला. तिच्याकडे हिवाळ्यात उणे तीस होतं, माझ्याकडे उन्हाळ्यात पारा पन्नासाच्या घरात जातो, म्हणजे हाल दोघींचेही होतात. पण हाल सांगावेत ताईनेच. "इथे ना बाई, रात्री नळ बारीक सोडून ठेवावा लागतो, नाहीतर पाइपातच पाणी गोठतं," असं ती फोनवर म्हणायची आणि त्या एका वाक्यात स्वतःचं दुमजली घर, खालचं तळघर, मागचं अंगण आणि अंगणातला गुडघाभर बर्फ, सगळं मिरवून घ्यायची. माझ्याकडे मिरवायला काय, तर गच्चीवरची टाकी. मे महिना लागला की थंड पाण्याच्या नळाला हात भाजेल असं पाणी येतं. मग आम्ही इथले लोक गीझर बंद करतो आणि त्यात साठून निवलेलं पाणी अंघोळीला घेतो. ही युक्ती मी एकदा मोठ्या कौतुकाने सांगितली, तर ताई म्हणाली, "म्हणजे तुझं सगळं उलटंच." लहानपणापासून हेच चाललंय. तिचं सुलटं आणि माझं उलटं.

त्यात माझा पेशाच पाइपांचा. मी इंजिनिअर आहे. दोह्यातल्या उंच इमारतींमध्ये पाणी कुठून चढवायचं, कुठे वळवायचं, कुठे व्हॉल्व्ह बसवायचा, हे मी गेली चौदा वर्षं ठरवतेय. आमच्या ऑफिसात स्पेसिफिकेशनचा एक जुना मसुदा आहे, कुठल्यातरी थंड देशातून आलेला. 'सर्व पाइपांचे हिमापासून संरक्षण करावे' असं एक कलम त्यात आहे. ते कोणी खोडत नाही. दर प्रोजेक्टला ते तसंच पुढे सरकतं आणि माझा एक मल्याळी सहकारी दर वेळी विचारतो, "मॅडम, बर्फ किधर है?" सगळे हसतात, मीही हसायचे. पण आतून चरफडायचे. ज्या बर्फाविषयी मी परीक्षेपुरतं वाचलं, तो खराखुरा ताईच्या दारात पडतो. आणि ताई शिकलीय काय, तर कॉमर्स.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण ऑगस्टपासून आई ताईकडे होती.

बाबा गेल्यावर नाशिकला आईने एकटीने राहू नये, असं आम्हा दोघींचंही मत पडलं. ठरलं असं, की डिसेंबर संपेपर्यंत ताईकडे आणि जानेवारीपासून माझ्याकडे. दोह्यातला जानेवारी म्हणजे सोन्यासारखा. मी तिची खोली तयार केली. न्हाणीघरात आधाराची दांडी बसवली, हातात धरता येईल असा शॉवर लावला, देव ठेवायला फळी ठोकून घेतली. लेक म्हणाली, "आई, शी इज कमिंग आफ्टर फाइव्ह मन्थ्स." मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. "येऊ दे की. तयारी असावी," मी म्हटलं.

इकडे घरच्या ग्रुपवर रोज फोटो यायचे. आई ताईच्या लाल जाकिटात. आई खिडकीशी, मागे पांढरं जग. आई ताईच्या धाकट्याला मोदकाच्या कळ्या पाडायला शिकवतेय. मी प्रत्येक फोटोला अंगठा द्यायचे, एखादं बदाम टाकायचे आणि मग उगाच स्वयंपाकघरात भांडी आपटायचे. पोटात दुखायचं, दुसरं काही नाही. नवरा कतारच्या दुसऱ्या टोकाला, दुखानला नोकरीला, आठवडाभर तिकडेच कंपनीच्या घरात राहतो, गुरुवारी संध्याकाळी गाडी हाणत येतो. तो म्हणाला, "तुझी आई मजेत आहे, हे बघून तुला त्रास होतो?" त्याला बहीण नाही. त्याला काय समजावणार?

डिसेंबरच्या मध्यावर ताईचा मेसेज आला. 'आई अजून थोडी राहीन म्हणतेय. होळीपर्यंत. तुला चालेल ना?' मला चालणार नव्हतं. मी लिहिलं, 'आईला हवं तसं.' आणि त्यानंतर दोन दिवस ताईचा फोन उचलला नाही. आई जानेवारीत येणार की नाही, एवढा एकच प्रश्न त्या दिवसांत माझ्या डोक्यात होता. ऑफिसात ड्रॉइंग बघतानाही तोच.

अशात नाताळच्या सुट्टीत ताई, दाजी आणि त्यांची दोन्ही मुलं दोन रात्रींसाठी डोंगरात बर्फावर खेळायला गेली. आई गुडघ्यांमुळे गेली नाही. जाताना ताईने फ्रिजवर मराठीत चिठ्ठी लावली होती. स्वयंपाकघरातला नळ बारीक धारेने चालू ठेवणे. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवणे. हीटर कमी न करणे. ते सिंक उत्तरेकडच्या बाहेरच्या भिंतीला लागून आहे. नळ वाहता राहिला, कपाटात घरातली ऊब शिरली, की आतला पाइप गोठत नाही. इतकी साधी गोष्ट.

पण आई नाशिकची. आमच्या लहानपणी नळाला पाणी सकाळी पाऊण तास यायचं, तेवढ्यात ती हंडे, कळश्या, बादल्या आणि शेवटी वाट्यासुद्धा भरून घ्यायची. ठिबकणाऱ्या नळातून घरातली लक्ष्मी जाते, असं ती मानते. कोणाच्याही घरी गेली, तरी आधी नळ पिळून बंद करते, मग बसते. हॉटेलात करते, दवाखान्यात करते. अशा बाईला तुम्ही चिठ्ठी लिहून सांगणार, की रात्रभर नळ चालू ठेव?

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला मी मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनवर उतरून, तिथे ठेवलेली गाडी घेऊन नुकती घरी आले होते. हवा इतकी छान, की बाल्कनीचं दार सताड उघडं होतं. व्हिडिओ कॉल वाजला. आईचा. तिकडे सकाळचे साडेआठ. एरवी आई स्वतःहून फोन करत नाही, ताईच लावून देते.

"अगं, तू एकटीच आहेस ना?" आईने आवाज खाली आणून विचारलं.

"हो. काय झालं?"

"नळाला पाणी नाही. स्वयंपाकघरातल्या. बाथरूमला आहे."

मला क्षणात कळलं. "आई, तू नळ बंद केलास?"

ती म्हणाली, "ठिबकत ठेवतं का कोणी पाणी? रात्रभर? मला झोप येईना त्या आवाजाने. पाणी वाया चाललंय आणि मी आपली गादीवर पडलेय."

"आणि कपाटाची दारं?"

"लावली. उघडी बरी दिसतात का?"

"हीटर?"

"एकटीसाठी कशाला एवढा जाळायचा? थोडा कमी केला. स्वेटर आहे की माझ्या अंगात." आणि मग ते वाक्य आलं. "ताईला सांगू नकोस हं. तुला माझी शपथ आहे."

आता खरं काय ते सांगते. माझी आई परक्या देशात, उणे अठ्ठावीस थंडीत, गोठलेल्या नळापुढे घाबरून उभी होती आणि मला आनंद झाला. चांगला घसघशीत आनंद. पाच महिने ताईच्या घरात राहून, अडचण आली तेव्हा आईला मी आठवले. ताईच्या घरातलं एक गुपित आईचं आणि माझं होतं, आणि ताईला त्याचा पत्ता नव्हता. त्या क्षणी मी सगळे फोटो माफ केले.

"अजिबात घाबरू नकोस," मी एकदम साहेबी आवाजात म्हटलं. "मी आहे ना. मला सिंकखाली दाखव."

आई हळूहळू खाली बसली. फोन हलला, तिचा गुडघा दिसला, मग कपाटातला अंधार आणि भिंतीतून आलेला पाइप. त्याच्यावर पांढरी बुरशी आल्यासारखा बर्फ धरला होता. पुस्तकाबाहेर मी तो पहिल्यांदाच पाहत होते.

"कापूर पेटवून खाली धरू का?" आईने विचारलं.

"आई! घर पेटेल. ताईचं केस वाळवायचं यंत्र कुठे आहे?"

ते मिळालं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी त्या संध्याकाळी अक्षरशः केलं, तेही उंटांच्याच देशात बसून. आधी नळ पूर्ण उघडायला लावला. दारं उघडी, हीटर वर. मग गरम हवा नळाच्या बाजूने सुरू करून हळूहळू भिंतीकडे न्यायला सांगितली, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहते. सगळं बरोबर सांगत होते. आई पाटावर बसून यंत्र धरून होती. मध्ये दमली की हात बदलायची, आणि आम्ही गप्पा मारत होतो. ताईकडे भाजीत गूळ घालत नाहीत. दाजी चांगले आहेत पण घोरतात. मोठा नातू "आजी" न म्हणता "आजीऽऽ, यू देअर?" म्हणतो. पाच महिन्यांत आई माझ्याशी इतकं बोलली नव्हती. ताई शेजारी असल्यावर हे कसं बोलणार? पाइप सावकाश वितळावा, असं मला वाटत होतं. देवाशपथ वाटत होतं.

वीस-पंचवीस मिनिटांनी नळ खोकला, थुंकला आणि धार आली. आईने देवाला हात जोडले. मी इकडे टाळ्या वाजवल्या. लेक दारातून डोकावून म्हणाली, "व्हॉट हॅपन्ड?" मी म्हटलं, "तुझ्या आजीचा नळ मी दोह्यातून दुरुस्त केला."

एवढ्यात आई म्हणाली, "अगं, खाली कसलातरी आवाज येतोय."

गोठलेल्या पाण्याने पाइप आधीच जोडाशी फाटला होता. बर्फ होता तोवर बर्फानेच भोक बुजवलं होतं. बर्फ गेला आणि कपाटात पिचकारी उडायला लागली. साबण, फडकी, डब्यांची झाकणं सगळं भिजलं, पाणी लाकडी जमिनीवर आलं. आईने पातेलं लावलं, ते भरलं, मग कुकर लावला.

"मेन व्हॉल्व्ह बंद कर! आई, मेन कुठे आहे?"

"मला काय माहीत!"

मलाही माहीत नव्हतं. ऑफिसात नवीन आलेल्या मुलींना मी पहिल्याच दिवशी बजावते, की पाइपला हात लावायच्या आधी पाणी कुठे बंद होतं ते बघा, मग बाकीची अक्कल चालवा. चौदा वर्षं मी हे नाकाने कांदे सोलत सांगतेय. आणि आईला मी ते एकदाही विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर तिला माहीत नाही हे कळलं असतं, आणि मग ताईला फोन करावा लागला असता. मला ताई मध्ये नको होती. बहिणीला पाण्यात पाहणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी असं दिसलं.

मी लेकीचा फोन ओढून घेतला आणि शपथ मोडून ताईला लावला. ती डोंगरात कुठेतरी हॉटेलात नाश्ता करत होती. मी दोन वाक्यांत सांगितलं. ताईने मला एकही प्रश्न विचारला नाही. "तळघर. फर्नेसची खोली. मीटरच्या वर लाल दांडा. आडवा करायचा." मी ते जसंच्या तसं दुसऱ्या फोनवर आईला सांगितलं. आई जिना उतरायला लागली. एका हातात फोन, दुसरा हात कठड्यावर. प्रत्येक पायरीला तिचा "आई गं" ऐकू येत होता. ती पडली तर? दोन्ही कानांना दोन फोन लावून मी बाल्कनीत उभी होते आणि एका कानात आईचा श्वास, दुसऱ्यात ताईचा.

लाल दांडा दिसला. आईने दोन्ही हातांनी ओढला. वरचा आवाज हळूहळू थांबला.

"खलास!" मी ओरडले. "खलास, आई!" इथे ऑफिसात काम झालं, संपलं, की आम्ही सगळे असंच म्हणतो.

"काय खलास?" आई किंचाळली. "कोण खलास? अगं नीट बोल!"

दुसऱ्या कानात ताई हसायला लागली. मग तिचं हसणं मध्येच बदललं आणि ती रडतेय हे माझ्या लक्षात आलं.

ताईची मंडळी त्याच दुपारी परतली. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, ताईचा व्हिडिओ कॉल आला. प्लंबर येऊन जोड बदलून गेला होता. कपाटाचा तळ फुगलाय, जमीन दोन ठिकाणी उचकटलीय, पाइप आणखी कुठे गळतोय का ते बघायला तो पुन्हा येणार होता. मी माफी मागितली. मेन व्हॉल्व्हचं कबूल केलं. ताईने ते ऐकूनच घेतलं नाही.

"मी आईला ओरडले असते का गं?" तिने विचारलं. "नळच तो. मी काय खाल्लं असतं तिला? पाच महिने मी तिचं सगळं करतेय. तिला पोळी पातळ लागते, मी पातळ करते. तिला इथली संध्याकाळ खायला उठते, म्हणून मी चारला घरी येते. आणि फोन केला तुला."

इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. ताईला माझा हेवा वाटावा, एकदा तरी. आता तो वाटत होता, तिच्या आवाजात स्वच्छ ऐकू येत होता. मला गोड वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते गोड फार वेळ तोंडात टिकलं नाही.

"घेऊन जा तिला," ताई म्हणाली. "जानेवारीचंच तिकीट काढते. होळी वगैरे राहू दे."

मिळालं. जे हवं ते आयतं हातात पडलं. मी म्हटलं, "आईला दे."

आई फोन घेऊन बाजूच्या खोलीत आली. "मी काय पार्सल आहे? हिने पाठवायचं, तू सोडवून घ्यायचं?"

"आई, तू मला का फोन केलास?" मी विचारलं. उत्तर काय यावं हे मी मनात ठरवूनच ठेवलं होतं.

"आता कोणाला करणार? हिच्या घरात राहते मी. हिच्यापुढे लाज वाटते. हिच्या मनातून उतरले तर कुठे तोंड दाखवू? तुझ्यापुढे कसली लाज? तू ओरडलीस तरी फोन ठेवता येतो."

हे वाक्य मी त्यानंतर बऱ्याचदा उलटून-पालटून पाहिलंय. एका बाजूने ते प्रेमाचं दिसतं. दुसऱ्या बाजूने बघायला मला अजून आवडत नाही.

"मग येतेस ना जानेवारीत? ताई स्वतः म्हणतेय."

"कशी येऊ? हिच्या घराची माझ्या हातून नासधूस झालीय. अशी मध्येच उठून आले तर हिला वाटेल, राग धरून गेली. आणि ही रात्री रडते गं. दिवसा सगळ्यांना कामं सांगते आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडते. ह्या थंडीत तिला कोणीतरी हवंय."

मला हे माहीत नव्हतं. ताईच्या फोटोंत ते कुठे नव्हतं. वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याच्या पोटात पुन्हा तोच किडा वळवळला. रडायचं म्हटलं तरी हिलाच आई मिळते.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुझं काय?" आईला खरंच समजलं नाही. "तुझं सगळं नीट असतं गं. तू पहिलीपासून तशीच. दप्तर स्वतः भरायचीस, वेणी स्वतः घालायचीस. मी हिच्यामागे धावायचे आणि तू तयार होऊन दारात उभी असायचीस. तुझी मला कधी काळजीच नाही. तुझ्याकडे काही बिघडलंय का?"

मी घराकडे पाहिलं. लेक अभ्यासाला बसली होती. नवरा दुखानहून आणलेली ताजी मासळी साफ करत होता. एकही नळ गळत नव्हता.

"मी बिघडलेय, आई," मी म्हटलं. "तायडीचा हेवा करून करून मी पार बिघडलेय. मला तू हवी आहेस."

आई हसली. "चल, काहीतरीच तुझं," म्हणाली. तेवढ्यात तिकडे दारावरची बेल वाजली. प्लंबर आला असावा. आईने फोन तसाच टेबलावर ठेवला आणि गेली. बंद करायला ती विसरली. पडद्यावर ताईच्या घराचं पांढरं छत दिसत होतं. लांबून आई ताईला विचारत होती, की त्या माणसाला चहा चालेल का, आणि ताई म्हणत होती, "तू बस गं, मी करते." मलाही फोन बंद करता येत होता. मी केला नाही. ताईचा चहा उकळून, गाळून होईपर्यंत मी ऐकत बसले.